नेपाळमधल्या मुलांसाठी नाट्यशिबिर: जाण्याआधीपासून परतल्यानंतरपर्यंत

मुलांची नाट्यशिबिरं घेणाऱ्या माणसाला कधी ना कधी वाटतंच, की हे काम आपल्या शहराबाहेर, ज्यांच्या वाट्याला रंगमंच कधी आलाच नाही अशा मुलांपर्यंत न्यावं. त्यासाठी परदेशात जायचं ठरवलं तर मराठी रंगकर्मीला नेपाळ सगळ्यात जवळचं. लिपी आपलीच, भारतीय नागरिकाला व्हिसा नाही, खर्च आवाक्यातला. पण सगळं इतकं सोपं असल्यामुळे पुरेशी तयारी न करता जाणारेही बरेच असतात, आणि त्याची किंमत मुलं मोजतात. म्हणून हा लेख जरा लांबला तरी नीट सांगतो.

सुरुवातीलाच एक कसोटी ठरवून घ्या. नेपाळमधल्या बऱ्याच शाळा शुक्रवारी अर्धा दिवस असतात आणि त्या दिवशी गाणी, नाच, वक्तृत्व असे उपक्रम चालतात. तुम्ही परत आल्यानंतरच्या शुक्रवारी तिथल्या शिक्षकांनी मुलांना गोलात उभं करून स्वतःहून एखादा नाट्यखेळ घेतला, तर शिबिर झालं. नाही घेतला, तर मुलांना चार दिवस मजा आली, एवढंच. खाली जे काही सांगतोय ते या कसोटीवर घासूनच.

पहिला निर्णय: बालगृहात जायचं नाही

‘नेपाळ, मुलं, स्वयंसेवा’ असं इंटरनेटवर शोधलंत की सगळ्यात आधी अनाथालयं समोर येतात. पैसे भरा, दोन आठवडे मुलांसोबत राहा, त्यांना शिकवा. कृपा करून यात पडू नका.

कारण समजून घ्या. नेपाळमधल्या या बालगृहांतल्या बहुतांश मुलांचे आई किंवा वडील, अनेकदा दोघंही, हयात असतात. कर्णालीतल्या हुम्लासारख्या दुर्गम जिल्ह्यांतून ‘काठमांडूत चांगल्या शाळेत घालतो’ असं सांगून दलालांनी मुलं आणली, आईवडिलांकडून पैसेही घेतले, आणि कागदोपत्री त्यांना अनाथ केलं. माओवादी संघर्षाच्या (१९९६–२००६) काळात हा धंदा वाढला. परदेशी पाहुण्यांच्या देणग्या हे त्याचं इंधन. २५ एप्रिल २०१५ च्या भूकंपानंतर तर सरकारला परदेशी दत्तकविधान थांबवावं लागलं आणि कागदपत्रांशिवाय मुलांना जिल्ह्याबाहेर नेण्यावर बंदी घालावी लागली. ऑस्ट्रेलियाने २०१८ च्या आधुनिक गुलामगिरीविरोधी कायद्याच्या वेळी अनाथालयांच्या या व्यापाराची दखल घेतली, आणि २०१९ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेनेही अनाथालयांतल्या स्वयंसेवेमुळे होणाऱ्या नुकसानीचा उल्लेख केला.

नाटकवाल्याने तर इथे जास्तच सावध असायला हवं. आपलं माध्यम जवळीक फार लवकर निर्माण करतं. तिसऱ्या दिवशी मूल तुमच्या मांडीवर येऊन बसतं. ज्या मुलाच्या आयुष्यात माणसं सतत येतात आणि जातात, त्याच्यासाठी तुम्ही सोडून जाणारं आणखी एक माणूस ठरता.

मग कुठे जायचं? जिथे मुलं रात्री स्वतःच्या घरी झोपतात तिथे. सरकारी शाळा (तिथे त्यांना सामुदायिक विद्यालय म्हणतात), वस्तीतलं वाचनालय, वीटभट्टीवरच्या कामगारांच्या मुलांसाठी चालणारं केंद्र, किंवा एखाद्या स्थानिक नाट्यसंस्थेने आधीपासून चालवलेला मुलांचा गट.

यजमान शोधणं

नेपाळला स्वतःची भक्कम रंगभूमी आहे, हे मनात पक्कं ठेवून शोध सुरू करा. अशेष मल्ल यांच्या ‘सर्वनाम’ या नाट्यसंस्थेने १९८०च्या दशकात, राजाच्या हाताखालच्या पक्षविरहित ‘पंचायत’ राजवटीत, सडक नाटक, म्हणजे आपलं पथनाट्य, उभं केलं. सुनील पोखरेल यांच्या ‘आरोहण गुरुकुल’ने ‘कचहरी नाटक’ गावोगावी नेलं. त्याबद्दल पुढे सविस्तर. काठमांडूत मंडला आणि शिल्पी ही नाट्यगृहं आहेत, जनकपूरला मिथिला नाट्यकला परिषद मैथिली नाटक करते. आपण रिकाम्या जागेत काही घेऊन जात नाही. जे चालू आहे त्यात थोडे दिवस हातभार लावायला जातो.

म्हणून शाळेला थेट मेल करण्याआधी एखाद्या नेपाळी रंगकर्मीला सहप्रशिक्षक म्हणून गाठा, आणि त्याला मानधन द्या. तुमच्या बजेटमधला पहिला खर्च हाच. तुम्ही विनामोबदला काम करताय म्हणून त्यानेही फुकट यावं, ही अपेक्षा चुकीची आहे. त्याचं घर या कामावर चालतं.

संस्थेशी बोलताना काही प्रश्न न लाजता विचारा. संस्था कुठे नोंदलेली आहे, जिल्हा प्रशासन कार्यालयात का? समाज कल्याण परिषदेशी (स्वयंसेवी संस्थांवर देखरेख ठेवणारी सरकारी यंत्रणा) संलग्न आहे का? पालिकेला आणि वडा, म्हणजे वॉर्ड, कार्यालयाला शिबिराची कल्पना दिली आहे का? २०१५ च्या नव्या राज्यघटनेनंतर शालेय शिक्षण बऱ्याच अंशी स्थानिक पालिकांकडे आलं आहे, त्यामुळे मुख्याध्यापकांचा होकार पुरेसा आहे असं गृहीत धरू नका. मुलांच्या सुरक्षिततेचं लेखी धोरण आहे का, आणि तक्रार आली तर ती कोण ऐकतं? तुमच्याकडून शुल्क घेत असतील तर त्यातलं किती राहण्याजेवणाला, किती मुलांच्या कामाला, याचा हिशेब मागा. चांगली संस्था या प्रश्नांनी दुखावली जात नाही. उलट ती तुम्हालाच प्रश्न विचारते: अनुभव काय, चारित्र्य पडताळणी झाली आहे का, पूर्वी काम केलेल्या दोन ठिकाणांचे फोन द्या. तुम्हाला एकही प्रश्न न विचारता ‘कधीही या’ म्हणणारी संस्था मला चालत नाही. तिथे उद्या कुणीही येऊ शकतं.

कागदपत्रं आणि प्रवास

भारतीय नागरिकांनी पासपोर्ट किंवा मतदार ओळखपत्र न्यावं. विमानतळावर १५ ते ६५ वयातल्यांचं आधार कार्ड चालत नाही, याच गोष्टीवरून लोक अडकतात. व्हिसा लागत नाही म्हणजे कुठल्याही कामाला आपोआप परवानगी आहे, असं मात्र नाही. यजमान संस्थेकडून तारखा, ठिकाण आणि कामाचं स्वरूप लिहिलेलं निमंत्रणपत्र घ्या आणि स्थानिक परवानग्यांची जबाबदारी कुणाची हे त्यातच लिहून घ्या. अमेरिकेचा, ब्रिटनचा किंवा दुसरा परदेशी पासपोर्ट असलेल्या मराठी मंडळींसाठी नियम वेगळा आहे: पर्यटक व्हिसावर नेपाळमध्ये काम करता येत नाही, बिनपगारीही नाही. त्यांनी आधी इमिग्रेशन विभागाकडून स्पष्ट करून घ्यावं.

चारित्र्य पडताळणी प्रमाणपत्र पोलिसांकडून किंवा पासपोर्ट सेवा केंद्रातून काढा. कुणी मागितलं नाही तरी काढा आणि स्वतःहून दाखवा.

महाराष्ट्रातून काठमांडूला विमानाने जाणं सोपं. पैसे वाचवायचे असतील तर मुंबई किंवा पुण्याहून रेल्वेने गोरखपूर, तिथून रस्त्याने सोनौली, सीमा ओलांडून भैरहवा आणि पुढे बस. पावसाळ्यात हा विचार सोडा. जून ते सप्टेंबर दरडी कोसळून रस्ते बंद होतात. भारतीय एक रुपया म्हणजे नेपाळी १ रुपया ६० पैसे, हा दर ठरलेला आहे. सोबत भारतीय शंभराच्या नोटा ठेवा, मोठ्या नोटांच्या नियमांत बदल होत आले आहेत. टायफॉइड, हिपॅटायटिस ए आणि धनुर्वाताच्या लशींबद्दल डॉक्टरांना विचारा. प्रवास विमा काढा.

तारखा ठरवताना तिथलं कॅलेंडर समोर ठेवा. शैक्षणिक वर्ष वैशाखात, म्हणजे एप्रिलच्या मध्याला सुरू होतं आणि चैत्रात परीक्षा असतात. दसैं आणि तिहारच्या, म्हणजे तिथल्या दसरा-दिवाळीच्या, सुट्ट्या शरदात येतात, तेव्हा मुलं गावी जातात. थंडीत डोंगराळ भागातल्या शाळा बंद असतात. साप्ताहिक सुट्टी शनिवारी, रविवारी शाळा भरते. काठमांडू खोऱ्यातल्या वीटभट्ट्या हिवाळ्यात पेटतात आणि पावसाआधी थांबतात. भट्टीवरच्या मुलांसोबत काम करायचं तर ती तेव्हाच तिथे असतात. आपल्याकडे ऊसतोडीच्या हंगामात मुलांच्या शाळेचं जे होतं तेच तिथे भट्टीमुळे होतं. साखरशाळेत काम केलेल्यांना हे वेगळं समजावून सांगायला नको.

शिबिर किती दिवसांचं? सलग दहा सत्रं, रोज दीड तास, हा माझ्या मते किमान आकार. तीन दिवसांत मुलं फक्त उत्तेजित होतात. आणि गट वीस-पंचवीसचा. शाळा चाळीस मुलं बसवेल, तेव्हा दोन गट करा, पण एका गटात कोंबू नका.

भाषा, संबोधन आणि शेजारधर्म

२०२१ च्या जनगणनेत नेपाळमध्ये १२४ मातृभाषा नोंदल्या गेल्या आणि नेपाळी मातृभाषा असणारे निम्म्याहून कमी, सुमारे ४५ टक्के. तुमच्या गटातली तामाङ, थारू किंवा मैथिली घरातली मुलं नेपाळीतच अडखळत असतील. ती गप्प आहेत म्हणून त्यांना ‘लाजाळू’ ठरवू नका. पहिले दोन दिवस शब्दांशिवायचे खेळ जास्त घ्या.

हिंदी बऱ्याच जणांना सिनेमामुळे कळते, पण तीवर विसंबून शिबिर चालवू नका. सूचना नेपाळीत द्या. शब्द थोडेच लागतात: सुन (ऐक), हेर (बघ), बिस्तारै (हळू), फेरि (पुन्हा), अब तिम्रो पालो (आता तुझी पाळी). लिपी आपलीच असल्यामुळे हे आठवड्याभरात जमतं. मुलांना ‘तिमी’ म्हणा, शिक्षकांना आणि पालकांना ‘तपाईं’. मराठीत आपण मुलांना प्रेमाने ‘तू’ म्हणतो आणि त्याच सवयीने नेपाळीत ‘तँ’ तोंडातून जातं, ते टाळा. अनोळखी माणसाच्या तोंडून ‘तँ’ अपमानासारखं लागतं. मुलं तुम्हाला सर, मिस, दाइ (दादा) किंवा दिदी (ताई) म्हणतील, काय म्हणायचं ते त्यांना ठरवू द्या.

आणखी एक गोष्ट, जी भारतातून जाणाऱ्याने विसरू नये. २०१५ च्या सप्टेंबरपासून पुढचे काही महिने सीमेवर नाकाबंदी होती. भूकंपातून उठत असलेल्या देशात गॅस, इंधन, औषधं मिळेनाशी झाली, लोकांनी अंगणात लाकडं पेटवून स्वयंपाक केला. नेपाळी माणसाच्या मनात त्याचा दोष भारताकडे जातो. शिक्षकांच्या खोलीत हा विषय निघाला तर वाद घालू नका, ऐका. ‘आपण सारखेच आहोत’ हे वाक्यही जपून वापरा. मोठ्या देशातल्या माणसाने म्हटलं की ते वेगळं ऐकू येतं.

दहा सत्रांची आखणी

आपल्याकडे १९८६ मध्ये मोहन आगाशे यांच्या पुढाकाराने बर्लिनची ग्रिप्स ही बालनाट्याची चळवळ पुण्यात आली, तेव्हा मुलांच्या रोजच्या जगण्यातलेच प्रश्न मंचावर येऊ शकतात हे मराठी रंगभूमीने पाहिलं. ती नाटकं इथे आली ती इथली होऊन. नेपाळला जाताना बॅगेत मराठी बालनाट्याची भाषांतरित संहिता न्यायची नाही, ती याच कारणाने. पद्धत न्या, गोष्ट तिथेच सापडेल.

पहिलं सत्र नावांचं. गोलात उभं राहून प्रत्येकाने नाव सांगायचं आणि एक हालचाल करायची, सगळ्यांनी ती परत करायची. इथे एक दक्षता: फक्त पहिलं नाव. नेपाळमध्ये आडनावावरून जात लगेच कळते. परियार, विश्वकर्मा (तिथे ही दलितांची आडनावं) म्हटलं की गोलातल्या काही नजरा बदलतात. हजेरीपत्रक तुमच्याकडे ठेवा, मोठ्याने वाचू नका.

दुसऱ्या सत्रात चालणं. मोकळ्या जागेत सगळे चालतात, टाळी वाजली की थांबतात. मग परिस्थिती बदला: चिखलाची वाट, गच्च भरलेली मायक्रोबस, पाठीवर डोको. डोको म्हणजे वेताबांबूची मोठी टोपली, तिचा पट्टा, म्हणजे नाम्लो, कपाळावर येतो. तुम्ही स्वतः ते चुकीचं कराल, मान ताठ ठेवाल. मुलं हसतील आणि येऊन दाखवतील की मान कशी पुढे जाते, पाऊल कसं पडतं, चढावर श्वास कुठे घ्यायचा. तो क्षण पकडा. त्या मुलाला मध्ये उभं करा आणि सगळ्यांना, शिक्षकांनाही, त्याच्याकडून शिकायला लावा. ज्या मुलाला वाचता येत नाही म्हणून वर्गात मागे बसवतात, तो इथे गुरू होतो. शिबिराचा पाया याच सत्रात पडतो, घाईने उरकू नका.

तिसऱ्या-चौथ्या सत्रात वस्तू आणि पुतळे. चार ओढण्या, जुनी वर्तमानपत्रं, काठ्या, पुठ्ठे, एवढं नेपथ्य पुष्कळ. ओढणी नदी होते, बाळ होते, दोर होते. पुतळ्यांच्या खेळात एक जण दुसऱ्याला आकार देतो, पण हात न लावता, हवेत दोरी ओढल्यासारखं करून. स्पर्श टाळण्याचं कारण उघड आहे, शिवाय यात मुलं एकमेकांकडे जास्त लक्षपूर्वक बघतात.

पाचवं सत्र आवाजाचं. डोळे मिटून सगळ्यांनी मिळून आपल्या वस्तीची सकाळ आवाजांनी उभी करायची: कोंबडा, कुकर, देवळातली घंटा, बसच्या दारात लटकून गावांची नावं ओरडणारा पोरगा. सहाव्यात गाणं आणा. नेपाळची दोहोरी, म्हणजे दोन गटांची सवालजवाबाची गाणी, मुलांच्या रक्तात असते. एका गटाने प्रश्न गायचा, दुसऱ्याने उत्तर जुळवायचं. आपल्या भेदिक लावणीची सवय असलेल्यांना हा प्रकार लगेच आवडेल. संवादलेखन यातूनच शिकवून होतं.

मधूनमधून मुलांना त्यांचे खेळ विचारा. डन्डी बियो म्हणजे आपला विटी-दांडू. रबरबँडचा झुबका करून पायाने हवेत ठेवायची चुङ्गी तर काठमांडूच्या गल्ल्यांत दिसतेच. वॉर्मअपसाठी बाहेरून काही आणायची गरज नाही.

सातव्या-आठव्या सत्रात गोष्ट बांधायची, नवव्यात तालीम, दहाव्यात दाखवायचं. गोष्ट बांधताना एक नियम मी अजिबात मोडत नाही: ‘तुमच्या आयुष्यातला दुःखाचा प्रसंग सांगा’ असं कधीही म्हणायचं नाही. कित्येक मुलांचे वडील कतार, सौदी किंवा मलेशियात आहेत. कुणाची आईही. ‘माझं कुटुंब’ हा साधा वाटणारा विषयसुद्धा एखाद्या मुलाला एकदम उघडं पाडतो. त्याऐवजी म्हणा, ‘या गावात एक मुलगी राहते. तिला नाव द्या. ती सकाळी उठते तेव्हा घरात कोण कोण असतं?’ मुलं काल्पनिक मुलीला जे द्यायचं ते देतात, स्वतःचं किती घालायचं ते त्यांच्या हातात राहतं. कुणी विचारलं तर ‘ती गोष्टीतली आहे’ म्हणता येतं. हा आडोसा मुलांचा हक्क आहे.

कचहरी नाटक: सगळ्यात काळजीने वापरायचं हत्यार

ब्राझीलचे ऑगुस्तो बोआल (१९३१–२००९) यांनी घडवलेल्या फोरम थिएटरचं नेपाळी रूप म्हणजे कचहरी नाटक. प्रसंग अडचणीच्या टोकाला थांबवायचा, आणि प्रेक्षकांतल्या कुणीही उठून पात्राची जागा घेऊन दुसरा मार्ग करून बघायचा. नेपाळमधले कित्येक शिक्षक आणि कार्यकर्ते हे ओळखतात, त्यामुळे तुमचे सहप्रशिक्षक इथे तुमच्यापेक्षा पुढे असतील. सूत्रधार त्यांनाच होऊ द्या.

भक्तपूरच्या बाजूला, जिथे शेतांमधून भट्ट्यांची धुराडी दिसतात, अशा एका शाळेतला प्रसंग सांगतो. मुलांनी ठरवलेली गोष्ट साधी होती: मोठ्या बहिणीने शाळेत न जाता धाकट्याला सांभाळायचं, कारण आईला कामावर जायचंय. आईचं काम करणारी मुलगी सहावीतली. तिने आवाज चढवला नाही. ती उकिडवी बसून साच्यात माती दाबल्यासारखे हात चालवत राहिली, वर न बघता म्हणाली, ‘आज मात्रै’, फक्त आजच. प्रसंग थांबवला. पहिला मुलगा उठला, बहिणीच्या जागी उभा राहिला आणि ‘मला लॉटरी लागली’ म्हणाला. हशा झाला. सूत्रधाराने मुलांनाच विचारलं, असं होतं का? ‘हुँदैन!’ (नाही होत!) दुसरी मुलगी आली आणि आईशी भांडली. आईचे हात थांबले नाहीत. मग एक बारकासा मुलगा आला. तो आईशी बोललाच नाही. आईशेजारी बसून त्यानेही माती दाबायला सुरुवात केली, आणि थोड्या वेळाने विचारलं, ‘काल पण आजच म्हणालीस ना?’ आईचं काम करणाऱ्या मुलीने पहिल्यांदा वर पाहिलं. पुढची पंधरा मिनिटं मुलं स्वतःच बोलत होती: बाळाला शाळेत आणू द्यावं का, शेजारच्या आजीला विचारावं का, हेडसरांशी कुणी बोलायचं. ते ऐकायला हेडसर तिथेच बसले होते.

या शेवटच्या गोष्टीमुळेच ते सत्र घेता आलं. कचहरीत मूल जे धाडस करून बघतं ते घरी जाऊनही करून बघू शकतं, आणि घरात सूत्रधार नसतो. म्हणून प्रसंगातला प्रश्न ज्याच्या हातात सोडवणं आहे असा एक तरी मोठा माणूस खोलीत हवा, आणि ‘घरी हे असंच बोलू नका, आधी मिसशी बोला’ हे मुलांना स्पष्ट सांगायला हवं. शाळेत असं माणूस नसेल तर कचहरी घेऊ नका. मारहाण, दारू, बालविवाह हे विषय बाहेरून आलेल्याने सुचवायचेच नाहीत. नेपाळमध्ये लग्नाचं कायदेशीर वय मुलामुलींना २० वर्षं आहे. मुलांनी स्वतः विषय काढला तर तो कायदा तुम्हाला ठाऊक हवा.

मुलांची सुरक्षितता

कुठल्याही मुलासोबत बंद खोलीत एकटं राहायचं नाही, घरी किंवा हॉटेलवर बोलवायचं नाही, सोशल मीडियावर जोडून घ्यायचं नाही. प्रत्येक सत्रात दोन मोठी माणसं. नेपाळने २०१८ च्या बालकविषयक कायद्याने घरात आणि शाळेतही मुलांना मारण्यावर बंदी घातली, दक्षिण आशियात सगळ्यात आधी. तरी एखादे शिक्षक काठी घेऊन ‘शिस्त लावायला’ येतात. मुलांसमोर त्यांना बोलू नका. त्यांना खेळात घ्या, सत्रानंतर मुख्याध्यापकांशी बोला.

फोटो नाहीत. तुमच्या फोनमध्ये तर नाहीतच. संस्थेला नोंदीसाठी हवे असतील तर पालकांच्या लेखी संमतीने, चेहरे न ओळखता येतील असे, आणि संस्थेच्याच कॅमेऱ्यात. ‘गरीब पण हसरी मुलं’ हे चित्र आपल्या फेसबुकवर टाकण्याची ओढ अनेकांना असते. त्या मुलाला उद्या तुमच्याइतकाच इंटरनेट मिळणार आहे आणि ते स्वतःला तिथे बघणार आहे.

एखादं मूल तुम्हाला छळाबद्दल सांगेल. नाटकाच्या शिबिरात असं होतंच. तेव्हा शांतपणे ऐका. ‘कुणाला सांगणार नाही’ असं वचन देऊ नका. खोदून विचारू नका. त्याच दिवशी, त्याच्याच शब्दांत लिहून काढा आणि संस्थेने नेमलेल्या व्यक्तीला सांगा. तीच व्यक्ती संशयित असेल तर बालहेल्पलाइन १०९८, हा क्रमांक भारतात आणि नेपाळमध्ये एकच आहे. आणि ती गोष्ट नाटकात घेऊ नका, नाव बदलूनही नाही.

वह्या, चॉकलेटं, जुने कपडे वाटू नका. काही द्यायचंच असेल तर सगळ्या गटाच्या खाजाचा, म्हणजे दुपारच्या खाण्याचा खर्च शाळेमार्फत द्या. चिउरा (पोहे) आणि चणे पुरतात, आणि भुकेल्या पोटी कुणी अभिनय करत नाही.

दाखवायचं की नाही

शेवटच्या दिवशी काय दाखवायचं आणि कुणाला, हे मुलांना विचारा. देणगीदारांसाठी प्रयोग लावू नका. शनिवारी शाळेच्या अंगणात, ऊन उतरायच्या आत, वीसेक मिनिटांचं काहीतरी, समोर आया, आज्या, भावंडं. ध्वनिक्षेपक टाळा, मुलांचा आवाज अंगणाला पुरतो. ज्याला मंचावर यायचं नाही त्याला आवाजाचं, ओढण्यांचं किंवा मादल (तिथला हाताने वाजवायचा ढोल) वाजवायचं काम द्या, आणि ते काम दुय्यम आहे असं कुणालाही वाटू देऊ नका. फक्त गुणवान मुलांना पुढे करून इतरांना झाडं बनवणारी बालनाट्याची जुनी खोड सीमेपलीकडे नेऊ नका.

मुलांना तुमच्या जाण्याची तारीख पहिल्या दिवशीच सांगा. फळ्यावर दहा रेघा काढा आणि रोज एक पुसा. ‘परत येईन’ हे तिकीट काढलेलं असल्याशिवाय म्हणू नका.

परतल्यानंतर

खरं हस्तांतर सातव्या सत्रापासून सुरू होतं: तिथून पुढे वॉर्मअप शिक्षकांनी घ्यायचं, तुम्ही गोलात उभं राहायचं. निघताना शिक्षकांकडे नेपाळीत लिहिलेली खेळांची वही असावी, एका पानावर एक खेळ, त्यांच्याच अक्षरात. तुम्ही छापून दिलेली पुस्तिका कपाटात जाते. पहिले तीन महिने महिन्यातून एकदा शिक्षक आणि सहप्रशिक्षकांशी व्हिडिओ कॉल करा. वेळ ठरवताना नेपाळचं घड्याळ पंधरा मिनिटं पुढे असतं हे लक्षात ठेवा. कॉलवर मुलं किती आठवण काढतात हे विचारू नका. मागच्या शुक्रवारी कुठला खेळ घेतला, कुठे अडलं, तामाङ मुली बोलायला लागल्या का, ते विचारा.

पुढच्या वर्षी पैसे आणि वेळ दोन्ही असतील तर नवीन गाव शोधू नका. त्याच शाळेत जा, किंवा त्याहून बरं, त्या शिक्षकांना आणि सहप्रशिक्षकांना पुण्यात किंवा कोल्हापुरात आठवडाभर बोलवा आणि आपल्या मुलांसमोर त्यांना कचहरी घेऊ द्या. त्यांच्या प्रवासाची सोय त्यांना विचारून करा, आणि मानधनाचं पाकीट पहिल्याच दिवशी द्या.